परतीची नळी

अंगणातल्या लिंबाला पाळणा टांगलेला दिसला म्हणून समोरच्या नागरत्नाबाई झबलं-टोपडं घेऊनच आल्या. बिदरमधल्या मैलूरच्या त्या गल्लीत बातमीच्या आधी आहेर पोचतो. पाळणा जुन्या साडीचा होता, दोरी माणिकरावांच्या हातात होती आणि माणिकराव डोळे अर्धवट मिटून लयीत झोके देत होते. नागरत्नाबाईंनी हौसेनं पदर सावरला, वाकून आत पाहिलं. आत फियाट गाडीची पेट्रोलची टाकी निजलेली होती.

"आवो काका, हे काय वो?"

"हळू बोला," माणिकराव डोळे न उघडता म्हणाले. "आत खडी हाय, चिंचेचं पाणी हाय. गंज सुटायलाय."

नागरत्नाबाईंनी झबलं पदराआड घेतलं आणि थेट स्वयंपाकघर गाठलं. काकांची तब्येत बरी आहे ना, असं त्यांनी हलक्या आवाजात विचारलं. विमलबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या, "तब्येत बरी हाय. गाडी बिघडलीय. आमच्या घरात दोन्हीचा ताप सारखाच असतोय."

टाकीला पाळण्यात घालायची अक्कल शेजारच्या नागराजची. नागराज बोअरच्या मोटारी दुरुस्त करायचा. बिदरपासून अफजलपूरपर्यंत जमिनीच्या पोटात अडकलेली कुठलीही मोटार आपण वर काढू शकतो, असं तो सांगायचा. आणि ज्याला मोटार कळते त्याला जगात कळायचं काही उरत नाही, असंही त्याचं मत होतं. टाकी हातानं हलवून कंबर धरण्यापेक्षा पाळण्यात घाला, आपोआप घुसळून निघेल, हे त्यानं सांगितलं आणि माणिकरावांना ते मनापासून आवडलं. त्यांना झोक्याशी संबंध असलेलं सगळंच आवडायचं.

हा सगळा खटाटोप मेहकरसाठी चालला होता. मेहकर हे विमलबाईंचं माहेर, भालकी तालुक्यातलं. ही फियाट एका डॉक्टरांकडं म्हातारी होऊन माणिकरावांकडं आली, तेव्हा ते बायकोला ऐटीत माहेरी घेऊन निघाले होते. गावच्या वेशीत गाडी जी थांबली ती थांबलीच. मग थोरला भाऊ, भाचे, भाऊबंद, रिकामटेकडे, सगळ्यांनी मिळून ती दारापर्यंत ढकलली. आत विमलबाई नव्या साडीत, मांडीवर तान्ही ज्योत्स्ना, आणि मागं अख्खं गाव आरडाओरडा करत. त्या दिवसापासून मेहकरात त्यांचं नाव पडलं ढकलगाडीवाली विमल. ज्योत्स्ना मोठी झाली, लग्न होऊन कलबुर्गीला नांदायला गेली, पण ते नाव काही पुसलं गेलं नाही. विमलबाई त्यानंतर माहेरी जात राहिल्या त्या बसनंच.

यंदा बुद्धपौर्णिमेला मेहकरात नवं विहार उघडायचं होतं. दाराची चौकट विमलबाईंनी दिलेली होती आणि पहिली मेणबत्ती त्यांनी आणि थोरल्या भावानं, दशरथअण्णांनी, मिळून लावायची असं गावानं ठरवलं होतं. दशरथअण्णा मोठ्या दुखण्यातून नुकतेच उठले होते. हा निरोप आला त्या दिवशी विमलबाईंनी चहाचा कप माणिकरावांच्या पुढ्यात ठेवला आणि उभ्या उभ्याच सांगितलं.

"यंदा मी ह्या गाडीत बसून माझ्या भावाच्या दारापर्यंत जाणार. गाडीनं नेलं तर ठीक. माझ्या माणसाचा एक हात जरी तिला लागला, तर गाडी भंगारात आन आपण दोघं बेंगळूरला अमरदीपकडं. मग तिथं बसा लिफ्टमधी वर-खाली करत."

अमरदीप त्यांचा मुलगा. त्याच्या इमारतीत प्रत्येक घराला एकाच गाडीची जागा होती आणि तिथं त्याची गाडी उभी असायची. माणिकरावांनी तो कप तसाच थंड होऊ दिला.

त्यांचं दुःख समजायला त्यांची दुपार पाहायला हवी. सरकारी कॉलेजचं ग्रंथालय सांभाळून ते निवृत्त झाले होते. जेवण झालं की ते अंगणात उभ्या असलेल्या फियाटमध्ये जाऊन बसत, काचा खाली करत, हात स्टिअरिंगवर ठेवत, आणि लिंबाची सावली बॉनेटवरून सरकत असताना निघत. कधी बसवकल्याण, कधी हैदराबाद, कधी नुसताच रस्ता, दोन्ही बाजूला तुरीची शेतं आणि पुढं कुणीच नाही. चहाच्या वेळेला विमलबाईंची हाक आली की ते परत येत आणि दार लावताना जरा दमलेले दिसत. गाडी चालत नाही ही गोष्ट त्यांच्या प्रवासाच्या आड कधी आली नव्हती. पण विमलबाईंना खरोखरीचं मेहकर हवं होतं, आणि त्याला पेट्रोल लागतं.

जुनं इंजिन आता नावालाच इंजिन उरलं होतं. रिंग रोडवरच्या महांतेश मेस्त्रीनं हैदराबादच्या भंगार बाजारातून एका चेपलेल्या व्हॅनचं नव्या धर्तीचं इंजिन आणलं आणि फियाटच्या पोटात ठाकूनठोकून बसवलं. ते इतकं छोटं होतं की बॉनेट उघडल्यावर मोठ्या घरात भाडेकरू राहायला आल्यासारखं वाटायचं. इंजिन बसलं म्हणजे संपलं, असं माणिकरावांना वाटलं होतं. महांतेशनं हात पुसत त्यांना खाली बसवलं.

"सर, खरं काम आता हाय. तुमचं जुनं इंजिन बशीतला चहा प्यायल्यासारखं हळूहळू प्यायचं, जेवढं पायजे तेवढं स्वतःच ओढून घ्यायचं. ह्याचं तसं न्हाई. ह्याला टाकीतनं पंपानं जोरात पाठवाय लागतंय. आन ते समदं पीत न्हाई. लागंल तेवढं घेतंय, बाकीचं परत टाकीत. म्हणून नळ्या दोन. एक जायाची, एक परतीची."

माणिकरावांचे डोळे लकाकले. सगळं आयुष्य त्यांनी बाहेर गेलेलं पुस्तक परत यावं म्हणून काढलं होतं. निम्मं कॉलेज त्यांना त्याच कारणासाठी टाळायचं. आणि इथं एक यंत्र आपणहून, न मागता, न वाचलेलं परत करणार होतं. त्या रात्री जेवताना त्यांनी विमलबाईंना परतीच्या नळीबद्दल इतकं भरभरून सांगितलं, की आमटीत दुसऱ्यांदा मीठ पडलं.

टाकी पाळण्यात असतानाच गाडी तपासायची तारीख आली. इंजिन बदललं की सरकारनं ते डोळ्यांनी पाहायचं असतं. टाकीच नाही म्हटल्यावर गाडी आरटीओ ऑफिसच्या आवारापर्यंत ढकलत न्यावी लागली, आणि वाटेत भेटलेल्या प्रत्येकानं माणिकरावांना सल्ला दिला. एकजण म्हणाला गॅस बसवा, एकजण म्हणाला बॅटरी बसवा, एक वयस्कर गृहस्थ तर बराच वेळ गाडीला हात लावून चालले आणि शेवटी म्हणाले, बैल बसवा. माणिकराव प्रत्येकाला मान डोलावून 'बगू की' म्हणत राहिले, पण कान लाल झाले होते.

तपासायला आलेले साहेब मात्र गाडी पाहून विरघळले. त्यांच्या आजोबांकडं अशीच फियाट होती, म्हणे. मागच्या सीटचा वास तोच आहे का बघतो म्हणून ते आत बसले, डोकं मागं टेकलं, आणि झोपी गेले. शिपायानं येऊन काचेतून पाहिलं आणि तोंडावर बोट ठेवलं. माणिकराव टोपी हातात घेऊन दाराशी उभे राहिले. साहेब कुठल्या गावाला पोचले असतील याचा ते विचार करत होते. ऑफिस बंद व्हायच्या वेळेला साहेब उठले, 'उत्तम गाडी,' म्हणाले आणि घरी गेले. इंजिनाचा नंबर पाहायचा राहूनच गेला. दुसऱ्या वेळी माणिकरावांनी मागच्या सीटवर मुद्दाम खोकी रचली, तेव्हा कुठं सही झाली.

टाकी धुऊन, वाळून लखलखीत झाली. महांतेशनं पंप बसवला, गाळणी बसवली, जायची नळी ओढली, परतीचीही ओढली, आणि तिचा जोडायचा राहिलेला तुकडा माणिकरावांच्या हातात देऊन तो अफजलपूरला मेहुणीच्या लग्नाला गेला. लग्न म्हणजे लग्न. आधी हळद, मग लग्न, मग उसाच्या फडातल्या पाहुण्यांकडं जेवणं. पौर्णिमा तर तोंडावर आली. तेव्हा नागराज पाना घेऊन आला.

त्यानं गाडीखाली अंग सरकवलं, दोन्ही नळ्या पाहिल्या आणि तिथूनच विचारलं, "अण्णा, हे दुसरं कामून?"

"परतीचं हाय ते. उरलेलं पेट्रोल टाकीत परत जातंय."

मग नागराज बाहेर आला. त्याचा चेहरा खरोखर दुखावलेला होता.

"वर चढवलेलं परत खाली सोडायचं? अण्णा, मी हयातभर बोअरमधनं पाणी वर काढायलो. लोकं एकेका घागरीसाठी जीव टाकायलेत. आपल्या भागात वर आलेलं पाणी कुणी परत बोअरमधी वतलेलं बगितलाव का तुमी?"

"पण महांतेशनं सांगितलंय..."

"त्यानं सांगितलंय तर नळी ठिवू की. मोडायची न्हाई. फकस्त मधी झडप लावू. आमी पायपाला लावतो तीच, लहानी. वर गेलेलं वर ऱ्हातंय. एक थेंब नासत न्हाई."

माणिकरावांना आतून बरं वाटत नव्हतं. पण ज्या गल्लीत भांडी घासलेलं पाणी झाडाला आणि भाजी धुतलेलं पाणी भांड्यांना जातं, तिथं आपण नासाडीच्या बाजूनं बोलायचं कसं? त्यांनी हातातला नळीचा तुकडा नागराजला देऊन टाकला. नागराजनं झडप बसवली. टाकीकडं जाणारं पेट्रोल तिथं येऊन थांबेल अशी, अगदी घट्ट, मन लावून.

किल्ली फिरवली आणि गाडी चालू झाली! नागरत्नाबाई दारात आल्या, पोरं धावली. गल्लीत एक फेरी झाली. मागून थोडा काळा धूर येत होता, पण नागराजनं त्याची जबाबदारी घेतली. "ताकद हाय म्हणून धूर हाय," तो म्हणाला. विमलबाई ओट्यावर उभ्या होत्या. संध्याकाळी त्यांनी पेटीतली पांढरी साडी काढून इस्त्रीला दिली, आणि ते पाहून माणिकरावांचा ऊर भरून आला.

पौर्णिमेला उन्हं कलायच्या बेतात ते निघाले. पुढं माणिकराव आणि विमलबाई. विमलबाईंच्या मांडीवर खिरीचं पातेलं. मागं मेणबत्त्यांचं पोतं, मोगऱ्याची टोपली, आणि आपण नसलो तर इंजिनाला करमणार नाही म्हणून आलेला नागराज. वैशाखातली नांगरून पडलेली लाल जमीन दोन्ही बाजूंना पसरली होती. रस्त्यावर पाण्याचा भास व्हायचा आणि गाडी जवळ आली की तो पुढं सरकायचा. माणिकरावांना वाटलं, आपण बहुतेक अजून लिंबाखालीच आहोत. तेवढ्यात गाडीनं ढेकर दिली.

मग दुसरी दिली. मागचा रस्ता काळ्या धुरात दिसेनासा झाला, पेट्रोलच्या वासानं डोळे चुरचुरले, इंजिन गुदमरलं, थडथडलं आणि भालकीच्या अलीकडं एका चिंचेखाली गप्प झालं. किल्ली फिरवली की नुसतं कण्हायचं.

विमलबाई पातेल्यावरच्या झाकणाकडं पाहत होत्या. आणि नेमकी त्याच वेळी मेहकरकडं जाणारी बस आली, हळू झाली, आणि खिडकीतून एक डोकं बाहेर आलं. ते कोंडाबाईचं होतं. कोंडाबाई ही विमलबाईंची बालमैत्रीण. ढकलगाडीवाली हे नाव पहिल्यांदा तिच्याच तोंडून निघालेलं.

"काय गं विमल, थांबली व्हय गाडी? घाबरू नगंस, मी जाऊन माणसं जमवते!"

बस धूळ उडवत गेली. विमलबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. माणिकरावांनी ते पाहिलं आणि त्यांना बेंगळूरची लिफ्ट दिसली; वर जाणारी, खाली येणारी, कुठंही न पोचणारी. त्यांना फार वाईट वाटलं. लिफ्टचं नव्हे, त्या इस्त्रीच्या साडीचं.

विमलबाईंनी डोळे पुसले, पातेलं नागराजच्या हातात दिलं, मेणबत्त्यांचं पोतं उचलून लांब चिंचेच्या बुंध्याशी ठेवायला लावलं आणि बॉनेट उघडायला सांगितलं. मग त्यांनी वाकून दोन्ही नळ्या बोटांनी दाबून पाहिल्या.

"ही बगा कशी तट्ट फुगलीय. आन झडपेच्या फुडं ही रिकामी. कामून?"

"ती परतीची हाय अक्का," नागराज पातेलं सांभाळत अभिमानानं म्हणाला. "मी झडप लावलीय. एक थेंब वाया जायाचा न्हाई."

"वाया जाऊन कुठं जाणार होतं?"

"टाकीत."

"टाकी कुणाची?"

नागराजनं विचार केला. "आपलीच की."

"मग वाया कसं गेलं रं बाबा?"

नागराजनं वाकून झडप पुन्हा पाहिली. विमलबाई नळीवरचा हात न काढता म्हणाल्या, "लेक सासरी दिली म्हणून माहेरची वाट बुजवतेत व्हय? जड झालं तर परत जायाला वाट हाय, ह्या भरवशावर ती तिथं नांदती. तुमी वाटच बुजवलाव. मग ते बिचारं गुदमरंल न्हाईतर काय करंल?"

माणिकराव बायकोकडं पाहत राहिले. परतीची नळी आपल्यालाच समजली आहे, असं त्यांना इतके दिवस वाटत होतं.

इंजिन निवेपर्यंत थांबून नागराजनं झडप सोडली. अडकलेलं पेट्रोल त्याच्या लग्नाकार्यातल्या सदऱ्यावर उडालं. त्यानं तक्रार केली नाही. विमलबाईंच्या केसातला आकडा घेऊन त्यानं झडपेच्या पोटातली चकती उपसून काढली आणि रिकामं कवच पुन्हा नळीत बसवलं. काजळलेले प्लग पुसले, सुकवले. "अक्का," तो खाली मान घालून म्हणाला, "बोअरमधी असं नसतंय बगा."

"बोअरला माहेर नसतंय," विमलबाई म्हणाल्या.

किल्ली फिरली. या वेळी आवाज इतका मऊ होता की माणिकरावांनी खात्री करायला पुन्हा कान दिला. धूर नाही, ढेकर नाही. भालकी मागं पडली. ऊन निवलं, पूर्वेला मोठा पिवळा चंद्र शेतांवर आला आणि गाडीबरोबर चालू लागला. पायाखालून कुठूनतरी पेट्रोल परत जाताना बारीक खळखळत होतं. मोगरा, खीर आणि पेट्रोल यांचा मिळून एक वास सुटला होता. कुणी बोलत नव्हतं, कारण बोललं असतं तर सगळेच जागे झाले असते.

मेहकरच्या वेशीत गर्दी दिसली. कोंडाबाईनं शब्द पाळला होता. धोतरं खोचलेली, बाह्या सारलेल्या, पोरं दगडांवर चढलेली. "आली, आली! तयार ऱ्हावा!" असा गलका झाला आणि गाडी आपल्या पायांनी, दिवे लावून, सरळ येताना दिसली. गलका बसला. कोंडाबाईचं तोंड उघडंच राहिलं. माणसं बाजूला झाली, पुढं केलेले हात तसेच हवेत राहिले. माणिकरावांनी छाती काढून हॉर्न वाजवला. विमलबाई ताठ बसून समोर पाहत होत्या. हा चेहरा पाहायला माणिकरावांनी किती दुपारी काढल्या होत्या, ते त्यांचं त्यांनाच ठाऊक.

मग विमलबाईंची नजर बाजूला गेली. वेशीच्या दगडाशी दशरथअण्णा उभे होते. दुखण्यानं अर्धे झालेले. काठी त्यांनी दगडाला टेकवून ठेवली होती, डोक्याला टॉवेल गुंडाळला होता, आणि दोन्ही हात पुढं धरले होते. बस आल्यापासून ते तिथंच होते, कुणी घरी चला म्हटलं तर ऐकत नव्हते.

"थांबा," विमलबाई म्हणाल्या.

"आगं, दार फुडं हाय अजून. पोचलोच की!"

"बंद करा म्हणते ना."

माणिकरावांनी किल्ली फिरवली. विमलबाईंनी डोकं बाहेर काढलं आणि सगळ्या वेशीला ऐकू जाईल अशा आवाजात बोलल्या.

"एक समद्यांनी ध्यानात ठिवा. कोंडे, तू बी. गाडी बंद पडली न्हाई. मी बंद करायला लावली." मग त्यांचा आवाज खाली आला. "अण्णा, या. ढकला."

दशरथअण्णा आले, आणि गाडीच्या गोल पाठीवर त्यांनी दोन्ही तळवे ठेवले. त्यांच्या मागं, त्यांना दिसणार नाही असे, भाचे लागले, भाऊबंद लागले, नागराज उतरून लागला, पोरं लागली. गाडी चांदण्यात हलली. माणिकराव नुसतं स्टिअरिंग धरून होते. खाली उरलेलं पेट्रोल टाकीत परत जात असल्याचा आवाज त्यांना येत होता.

"विमल," मागून धापा टाकत, हरखून दशरथअण्णा ओरडले, "मागल्या बारीपेक्षा लई हलकी झाली गं गाडी! एकट्याला आवरायलीय!"

विमलबाई रडत होत्या. त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि खिडकीतून मागं वळून म्हणाल्या, "व्हय अण्णा. इंजन बदललंय ना."